बाळाला वळसा घालून आलेली लस

आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरच्या पहिल्या लशी 2023 साली आल्या त्या साठीपुढच्या माणसांसाठी. त्याच वर्षी गरोदर स्त्रियांनाही एक लस मिळाली. पण ज्या तान्ह्यांना हा विषाणू सगळ्यांत जास्त छळतो, त्यांना टोचायची लस यांत नव्हती. आजही नाही. का नाही, हे समजायला 1966 सालाकडे जावं लागतं.

हा विषाणू आधी सापडला चिंपांझींमध्ये. 1956 साली अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतले चिंपांझी सर्दीने बेजार झाले आणि त्यांच्या नाकातल्या स्रावात तो मिळाला. पुढच्याच वर्षी विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरमधल्या आजारी बाळांत तोच दिसला. तो शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींत विरघळवून त्यांचा एकच गोळा करतो, म्हणून त्याचं नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळीच मुलं त्याला एकदा तरी भेटतात. बहुतेकांचं नाक गळण्यावर भागतं. काहींची मात्र छाती भरते, पोट उडू लागतं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात. 2019 मध्ये पाच वर्षांखालची सुमारे 1 लाख मुलं याने दगावल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुसंख्य गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. आपल्याकडे मेळघाटातल्या आदिवासी गावांत 2016 ते 2018 या काळात झालेल्या अभ्यासात घरीच दगावलेली बाळंही मोजली गेली. दवाखान्याच्या नोंदवहीत अशा मृत्यूंचा पत्ताच नसतो.

तर 1966. जोनास साल्क यांची पोलिओ लस फॉर्मेलिन या रसायनाने विषाणू मारून केलेली होती आणि ती यशस्वी ठरली होती. तीच रीत आरएसव्हीला लावली, यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वॉशिंग्टन परिसरातल्या एका चाचणीत 31 बाळांना ही लस दिली. हंगाम आला, त्यातल्या 20 बाळांना संसर्ग झाला आणि 16 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तुलनेसाठी वेगळ्याच विषाणूवरची लस दिलेल्या 40 बाळांपैकी 21 जणांना संसर्ग झाला, पण रुग्णालयात गेलं एकच. आरएसव्हीची लस घेतलेली दोन मुलं दगावली. लस निरुपयोगी निघणं वेगळं. इथे तिने आजार वाढवला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं बाळांच्या आरएसव्ही लशीला हात लावायला कुणी धजावेना.

चूक कुठे झाली, हे कळायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. विषाणूच्या अंगावर ‘एफ’ नावाचं प्रथिन असतं. पेशीत शिरण्याआधी त्याचा आकार एक, शिरताना तो उलटून दुसराच होतो, जोराच्या वाऱ्यात छत्री उलटावी तसा. विषाणूला खरोखर अडवणारी बहुतेक प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पहिला आकार ओळखतात. फॉर्मेलिनच्या लशीत उरला होता तो उलटलेला आकार. त्यामुळे बाळांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली, पण ती विषाणूला नुसती चिकटत. त्याला थोपवत नसत. वर फुप्फुसात दाह माजला तो वेगळाच.

बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि जेसन मॅक्लेलन या संशोधकांनी 2013 मध्ये या पहिल्या आकाराची रचना उलगडली आणि काही नेमके बदल करून प्रथिनाला त्याच आकारात जखडून ठेवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा सांधा हाच. पुढे हीच युक्ती करोना विषाणूच्या काट्यासारख्या (स्पाइक) प्रथिनाला लावली गेली आणि ती मॉडर्ना व फायझरच्या कोविड लशींत उतरली. पुण्यात तयार झालेल्या कोवोव्हॅक्समध्येही ती होती. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेल्या कोविशिल्डमध्ये नव्हती.

आरएसव्हीत मात्र या ज्ञानाचा उपयोग बाळाला वळसा घालूनच झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला लस द्यायची, म्हणजे तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. फायझरच्या चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या 90 दिवसांत गंभीर आजार सुमारे 82 टक्क्यांनी घटला. ही वाटही सरळ नव्हती: नोव्हाव्हॅक्सची आईला द्यायची लस 2019 मध्ये मुख्य कसोटीवर उतरली नाही आणि जीएसके या कंपनीने आपली चाचणी 2022 मध्ये थांबवली, कारण लस घेतलेल्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त दिसली. दुसरा मार्ग तयार प्रतिपिंड थेट बाळाला टोचण्याचा. 1998 पासून असलेलं पॅलिव्हिझुमॅब दर महिन्याला द्यावं लागे, आणि इतकं महाग की फक्त अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाळांनाच मिळे. त्याच्या जागी आलेल्या निर्सेव्हिमॅबचा एकच डोस हंगामभर पुरतो.

मार्च 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईला द्यायच्या लशीला पूर्वमान्यता दिली. त्याआधी काही महिने मॉडर्नाने तान्ह्यांमधली आपली एमआरएनए लशीची चाचणी थांबवली होती. लस घेतलेल्या बाळांत गंभीर आजार जास्त दिसला होता. आकडे लहान होते, लस अगदी वेगळ्या जातीची होती. तरी डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांची बैठक भरली, तेव्हा चर्चेत 1966 ची ती चाचणी होतीच.