इराणमधली सक्ती आणि अफगाणिस्तानातली बंदी: कृपया एकत्र मोजू नका

अफगाण स्त्रियांवर नवं फर्मान निघालं की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. कुणीतरी तेहरानमधल्या मुलींचा, डोक्यावरचा रुमाल हवेत फिरवतानाचा फोटो टाकतं. कुणी ‘बुरख्याची सक्ती’ म्हणून दोन्ही देश एका ओळीत उरकतं. आणि मग तो प्रश्न येतो: इराणच्या बायका रस्त्यावर उतरल्या, मग अफगाण बायका गप्प का? शिकलीसवरली, चांगल्या मनाची माणसंही हा प्रश्न विचारतात, म्हणून तो जास्त खटकतो. दोन्ही राजवटी धर्माचं नाव घेऊन बायकांवर हुकूम चालवतात हे खरं आहे. पण बाईकडून त्यांना काय हवंय हे वेगळं आहे, आणि ते मिळवण्याची यंत्रणा तर फारच वेगळी आहे.

किरकोळ फरक आधी संपवू. दोन्ही देश अरब नाहीत. इराणची राजवट शिया धर्मगुरूंची. तालिबान सुन्नी, हनाफी, देवबंदी वळणाचे. इराणमध्ये निवडणुका होतात, पण उमेदवार आधीच चाळून घेतलेले असतात. तालिबानच्या अमिरातीत निवडणूकही नाही आणि संविधानही नाही. कंदाहारहून तालिबानचा सर्वोच्च नेता हिबतुल्ला अखुंदजादा म्हणेल तो कायदा. इराणमध्ये डोक्यावर रुमाल किंवा काळी चादर, अफगाणिस्तानात डोळ्यांपुढे जाळी असलेली निळी चादरी. आणि 1970 च्या दशकातले आखूड स्कर्ट घातलेल्या तरुणींचे ते फोटो आता पुरे झाले. काबूलमधल्या एका छोट्या, सुस्थितीतल्या वर्गाचे ते फोटो आहेत. ते दाखवून ‘बघा, काय होतं आणि काय झालं’ म्हणणाऱ्याला बाईच्या स्वातंत्र्याचं माप तिच्या कपड्यांवरच घ्यायचं असतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इराणचं आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. 1979 च्या क्रांतीनंतर हिजाबची सक्ती सुरू झाली आणि 1983 मध्ये ती शिक्षेसह कायद्यात आली. सप्टेंबर 2022 मध्ये 22 वर्षांच्या महसा (जीना) अमीनीला ‘गश्त-ए-इरशाद’ने, म्हणजे तिथल्या नैतिकता पोलिसांनी, पकडलं, 16 सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला आणि ‘ज़न, ज़िंदगी, आज़ादी’, म्हणजे बाई, जगणं, स्वातंत्र्य, ही घोषणा देशभर गेली. मानवाधिकार संघटनांच्या नोंदींनुसार त्या आंदोलनात पाचशेहून अधिक माणसं मारली गेली; पुढे काही आंदोलकांना फाशी दिलं गेलं. अनेक खटल्यांत बाईची साक्ष अजूनही अर्धी धरली जाते, आणि लग्न झालेल्या बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागते. तेव्हा ‘इराणमध्ये त्यामानाने बरं आहे’ असा अर्थ माझ्या लिहिण्यातून कुणी काढू नये.

तरीही हे लक्षात घ्या की त्याच इराणमध्ये मुली शाळेत जातात, विद्यापीठांत जातात, डॉक्टर आणि वकील होतात. मरियम मिर्झाखानी तेहरानमध्येच शाळा शिकली, तिथल्याच शरीफ विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि 2014 मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री ठरली. शिरीन इबादींना क्रांतीनंतर न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरवलं गेलं. पुढे त्या वकील झाल्या, राजवटीविरुद्ध खटले लढल्या आणि 2003 मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. बाई वर्गात, कचेरीत, बसमध्ये असणार हे इराणच्या राजवटीने गृहीत धरलेलं आहे. तिथे ती कशी दिसावी, यावर राजवटीचा सगळा जोर आहे.

तालिबानचा जोर ती तिथे असूच नये यावर आहे.

15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं. महिनाभरात महिला व्यवहार मंत्रालयाची इमारत सद्गुणप्रसार आणि दुर्गुणप्रतिबंध मंत्रालयाच्या ताब्यात गेली. मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या तेव्हा हुकुमात मुलींचा उल्लेखच नव्हता. 23 मार्च 2022 ला मुली दप्तरं घेऊन शाळेत पोचल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं गेलं. तेव्हापासून सहावीच्या पुढे मुलींसाठी नेहमीची शाळा नाही. नोव्हेंबरमध्ये काबूलच्या बागा, व्यायामशाळा आणि सार्वजनिक स्नानगृहं बंद झाली, 20 डिसेंबरला विद्यापीठं, आणि त्यानंतर चारच दिवसांत स्वयंसेवी संस्थांमधल्या नोकऱ्या. एप्रिल 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांतही अफगाण बायकांनी काम करायचं नाही असं ठरलं. त्याच वर्षी जुलैत ब्युटी पार्लर बंद झाली. ही बातमी आपल्याकडे हलक्या सदरात छापलेली पाहून फार वाईट वाटलं. पार्लर ही बायकांनी चालवलेली, बायकांसाठीची, पुरुष आत न येणारी जागा होती. हजारो घरांची चूल त्यावर पेटत होती. बायका एकमेकींना भेटू शकतील अशा फार थोड्या उरलेल्या ठिकाणांपैकी ते एक होतं.

ही यादी पुन्हा वाचून पाहा. यात कपड्यांचा हुकूम कुठेच नाही. या प्रत्येक ठिकाणी बायका डोकं झाकूनच जात होत्या. विद्यापीठांत मुलामुलींचे वर्ग वेगळे केलेले होते, वेळा वेगळ्या होत्या, पडदे लावले होते, आणि तरीही बंदी आली. तालिबानची प्रत्येक अट पाळून झाल्यावरही मुलीला वर्गात बसता आलं नाही. ‘बुरख्याची सक्ती’ असं शीर्षक दिलं की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

कपड्यांचा हुकूमही निघाला, 7 मे 2022 ला. त्यात चेहरा झाकायला सांगितलं होतं, चादरी सर्वांत उत्तम असंही म्हटलं होतं. पण सोबत हेही होतं की गरजेशिवाय घराबाहेर न पडणं हाच हिजाब पाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग. आणि त्या हुकुमातली शिक्षा कुणाला आहे हे मी प्रत्येकाला वाचायला सांगेन.

इराणच्या दंडविधानातल्या कलम 638 नुसार हिजाब न घालणाऱ्या बाईला दहा दिवस ते दोन महिने कैद किंवा दंड आहे. तिची चूक, तिलाच शिक्षा. तालिबानच्या हुकुमात शिक्षा तिच्या पुरुष पालकाला आहे, म्हणजे बाप, भाऊ किंवा नवऱ्याला. आधी ताकीद, मग कचेरीत बोलावणं, मग तीन दिवस कैद, मग न्यायालय. तो सरकारी नोकर असेल तर नोकरी जाणार. यातून काय साधतं ते नीट समजून घ्यायला हवं. डिसेंबर 2017 मध्ये तेहरानच्या इंकिलाब रस्त्यावर विदा मुवाहेद एका पेटीवर उभी राहिली आणि तिने पांढरा रुमाल काठीला बांधून धरला. तिने धोका पत्करला तो स्वतःच्या जिवावर. काबूलमध्ये एखादीने तेच केलं तर तिच्या बापाला तुरुंगात टाकता येतं, आणि घरात एकट्या भावाची कमाई असेल तर ती जाते. मुलीने शिकावं म्हणून आयुष्यभर राबलेला बापही मग दाराशी उभा राहून म्हणतो, बाळा, आज नको जाऊ. प्रत्येक रस्त्यावर पहारेकरी ठेवण्याइतकी माणसं तालिबानकडे नाहीत आणि त्यांना त्यांची गरजही नाही. घरातलाच पुरुष, त्याची इच्छा असो वा नसो, पहाऱ्याला बसवलेला आहे. डिसेंबर 2021 पासून 72 किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला सोबत पुरुष नातेवाईक, म्हणजे महरम, लागतो. युद्धात ज्यांच्या घरचे सगळे पुरुष गेले त्या विधवांनी महरम कुठून आणायचा, याचं उत्तर कुठल्याच फर्मानात नाही.

‘अफगाण बायका गप्प का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं की त्या गप्प नव्हत्याच. सप्टेंबर 2021 मध्येच हेरात आणि काबूलमध्ये त्यांचे मोर्चे निघाले. 13 ऑगस्ट 2022 ला काबूलमध्ये ‘नान, कार, आज़ादी’, म्हणजे भाकरी, काम, स्वातंत्र्य, अशा घोषणा देणाऱ्या बायकांना हवेत गोळ्या झाडून पांगवलं गेलं. काही कार्यकर्त्यांना रात्री घरातून उचलून नेलं. ऑगस्ट 2024 च्या नव्या कायद्याने, 35 कलमांच्या त्या कायद्याने, बाईचा आवाज परक्या पुरुषांच्या कानी पडण्यालाही दोष ठरवला, तेव्हा बायकांनी गाणी म्हणतानाचे व्हिडिओ टाकले. इराणमधल्या उठावाला विद्यापीठांची मैदानं मिळाली, शाळेतल्या वर्गात मुलींनी नेत्यांच्या तसबिरी उतरवल्या, बाजारपेठांत संप झाले. अफगाण मुलींनी एकत्र जमायचं कुठे? शाळा, विद्यापीठ, बाग, पार्लर, कचेरी, सगळंच आधी काढून घेतलेलं. अशा वेळी एखादी बाई चार ओळी गाऊन फोनवरून जगाकडे पाठवते, ते धाडस मला कुठल्याही मोर्चाहून कमी वाटत नाही.

आणखी एक वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत: ‘त्यांची संस्कृतीच तशी आहे.’ ग्रामीण पश्तून समाजात पडदा कडक आहे, मुलींची लग्नं लवकर होतात, हे कुणी नाकारत नाही. पण काबूलमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा 1921 मध्ये, राजा अमानुल्ला आणि राणी सुरय्या यांच्या काळात निघाली. 1960 च्या दशकात तिथे महिला खासदार होत्या, मंत्रीही होती. 2004 च्या संविधानाने संसदेच्या खालच्या सभागृहातल्या 249 पैकी 68 जागा बायकांसाठी राखल्या होत्या. रूढीशी घरात भांडता येतं, एखादी आजी नातीची बाजू घेते, गाव हळूहळू बदलतं. फर्मानाशी असं भांडता येत नाही. आपल्या मुलीला शिकवायला तयार झालेल्या गावालाही आज शाळा उघडता येत नाही.

धर्माचंही तसंच. विद्यापीठबंदीनंतर कैरोच्या अल-अझहरच्या प्रमुख इमामांनी ती शरियतच्या विरुद्ध असल्याचं जाहीर केलं. सौदी अरेबिया, कतार, तुर्कस्तान यांनी निषेध केला, आणि खुद्द इराणच्या परराष्ट्र मंत्रालयाने खेद व्यक्त केला. तालिबानचेच उप परराष्ट्रमंत्री अब्बास स्तानिकझई यांनी जानेवारी 2025 मध्ये जाहीर सभेत ही बंदी अन्याय असल्याचं म्हटलं. नंतर ते देशाबाहेर गेल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा ‘इस्लाममुळे’ एवढं म्हणून विषय मिटवणं हा आळस आहे, आणि त्यात त्या मुस्लिम बायकांचाही अपमान आहे ज्या स्वतःच्या धर्माचा हवाला देऊन शिकण्याचा हक्क मागत आहेत.

दोन्हींमधला फरक ज्यांना अजूनही बारीक वाटतो त्यांनी इराण आणि अफगाणिस्तान यांच्यामधली इस्लाम कलाची सीमा पाहावी. इराणमध्ये लाखो अफगाण निर्वासित राहतात. तिथे त्यांना भेदभाव आहे, हलक्या कामाला जुंपणं आहे, पण अनेक अफगाण मुली डोक्यावर रुमाल घेऊन तिथल्या शाळांत शिकल्या. 2025 मध्ये इराणने दहा लाखांहून अधिक अफगाणांना परत पाठवलं. मशहदमध्ये आठवीत शिकणारी मुलगी सीमा ओलांडून हेरातच्या बाजूला आली की तिथे तिच्यासाठी आठवी नावाचा वर्गच नाही. रुमाल तोच, मुलगी तीच.

बायका अजिबात कामावर नाहीत असंही नाही. प्राथमिक शिक्षिका आहेत, डॉक्टर आणि सुइणी आहेत, घरून शिवणकाम करणाऱ्या आहेत. पण डिसेंबर 2024 मध्ये परिचारिका आणि सुइणींचं शिक्षणही बंद झालं. बाईला बाईनेच तपासावं असा आग्रह, आणि तपासणारी बाई घडवायची नाही, हा हिशेब बाळंतिणींच्या जिवावर बेतणारा आहे. 31 ऑगस्ट 2025 च्या कुनारमधल्या भूकंपानंतर जागतिक आरोग्य संघटनेला महिला मदत कर्मचाऱ्यांवरचे निर्बंध उठवा अशी विनंती करावी लागली.

याला काय म्हणावं? मी स्वतः ‘लिंगाधारित वर्णभेद’ हेच शब्द वापरते, कारण अफगाण कार्यकर्त्यांनी तेच निवडले आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संहितेत असा वेगळा गुन्हा अजून नाही; 8 जुलै 2025 ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर निघालेली अटक वॉरंटं लिंगाधारित छळाच्या गुन्ह्याखाली आहेत.

ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावलं नव्हतं; ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली आणि त्यांना बोलावलं. तिथे मुलींच्या शिक्षणाबद्दल ते म्हणाले की आम्ही ते हराम ठरवलेलं नाही, पुढचा आदेश येईपर्यंत स्थगित आहे. 1996 ते 2001 या पहिल्या राजवटीतही शाळा ‘तात्पुरत्या’ बंद होत्या, आणि त्या उघडल्या राजवट पडल्यावरच. आपल्या काही वर्तमानपत्रांनी मुत्तकींचं ते विधान ‘बंदी कायमची नाही’ अशा मथळ्याखाली छापलं तर ते चूक ठरेल. 2021 मध्ये सातवीत असलेल्या मुलीची पुढची शालेय वर्षं त्या स्थगितीत गेली आहेत.