कोमट पाण्यावरची मत्स्यशेती

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीतील हातपंपाचे पाणी जानेवारीच्या पहाटेही हाताला कोमट लागते. जमिनीखाली काही मीटरांवरील पाण्याचे तापमान वर्षभर त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ, म्हणजे आपल्याकडे सुमारे २५ अंश सेल्सिअस राहते. बाहेर पारा ५ अंशांवर उतरला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टँपा उपसागराजवळच्या रस्किन आणि गिब्सनटन या लहान गावांच्या परिसरात शोभेच्या माशांची शेती टिकून राहिली, ती बऱ्याच अंशी अशाच पाण्याच्या आधाराने.

तेथे हा व्यवसाय १९३०च्या दशकात रुजला. भूजल इतके वर होते की खड्डा खणला की तळे आपोआप भरत असे. गप्पी, मोली, प्लॅटी हे पिल्लांना जन्म देणारे मासे तळ्यातच वाढतात. अंडी घालणाऱ्या माशांची वीण छपराखालच्या टाक्यांत करून पिल्ले मागाहून तळ्यात सोडतात. मूळचा गंगेच्या खोऱ्यातला झेब्रा मासा यांपैकीच एक. पिल्ले सोडण्यापूर्वी तळे उपसून त्यात चुना टाकतात आणि मग खत म्हणून घालतात ती आपल्या गोठ्यांत नेहमी दिसणारी सरकीची पेंड. पेंड कुजते, तिच्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात आणि ते पिल्लांचे पहिले अन्न ठरते.

खरा शत्रू थंडी. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते, पचन मंदावते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फैलावतो. म्हणून तेथील शेतकरी हिवाळ्यात तळ्यांवर प्लास्टिक ताणतात आणि विहिरीचे २२-२३ अंशांचे पाणी सोडत राहतात. जानेवारी २०१० मध्ये मात्र कडाका आठवड्याहून अधिक टिकला आणि असंख्य मासे मेले.

गेल्या हिवाळ्यात रात्री वीज गेली, हीटर बंद पडला आणि आमच्या मोली काचपेटीच्या तळाशी निपचित बसल्या. मी हातपंपाचे पाणी बादलीने आणले. भूजलात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते चाळणीतून, उंचावरून, थोडे थोडे ओतले. तासाभराने पहिली मोली कल्ले हलवत वर आली.