टर्फ मेझ

टर्फ मेझ : गवताळ जमीन सोलून तयार केलेला, पायी चालण्याचा चक्रव्यूह. नावात ‘मेझ’ असले तरी हा भुलभुलैया नव्हे. वाटेला कुठे फाटा नसतो, त्यामुळे चुकायचा प्रश्नच येत नाही; एकच वाट उलटसुलट वळसे घेत मध्यापर्यंत पोचते. जुने टर्फ मेझ इंग्लंडात आठ आणि जर्मनीत तीन उरले आहेत. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यात याच जातीची आकृती कोरलेली आहे, पण ती पाहायची, चालायची नव्हे. दगडावरची आकृती कोणी हात न लावताही टिकते. गवतातली टिकत नाही.

रचना शेतकऱ्याला लगेच उमगेल अशी आहे : सरी आणि वरंबा. बहुतेक ठिकाणी चालायचे ते वरंब्याच्या गवतावरून, सरी ही नुसती हद्द. विंचेस्टरजवळच्या सेंट कॅथरिन्स हिलवर आणि एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन येथे मात्र उलट, सरीतूनच चालायचे. वर्दळ थांबली की दोन्ही बाजूंचे गवत सरीत उतरते आणि चार-दोन पावसाळ्यांत वळणे धूसर होतात. वर्दळ वाढली तर वरंब्याच्या कडा ढासळतात. म्हणून दर काही वर्षांनी सगळी आकृती पुन्हा कोरावी लागते. मेझ किती जुना, या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही ते यामुळेच. जुनी असते ती आखणी. पायाखालची कड कालपरवाच्या फावड्याची असू शकते.

सॅफ्रन वॉल्डनचा मेझ इंग्लंडातला सर्वांत मोठा. सतरा फेरे, चार कोपऱ्यांना बाहेर आलेले चार गोल फुगवटे, आणि एकूण वाट सुमारे दीड किलोमीटर. त्याची पहिली लेखी नोंद १६९९ची, तीही खर्चाची : कोरणीचे १५ शिलिंग. अठराव्या शतकात गावातली तरणी पोरे इथे पैजा लावून धावत, आणि पैज असे बिअरच्या गॅलनांची. मध्यावरच्या उंचवट्यावर अ‍ॅशचे झाड होते, ते १८२३च्या गाय फॉक्स रात्री (५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटवून साजरा होणारा इंग्रजी सण) जळाले. १९११ साली वाटेत विटा बसवल्या, १९७९ साली त्या नव्याने घातल्या. विटांमुळे गवताचे आक्रमण थांबले हे खरे. पण त्याबरोबर ही वाट निम्मी बांधकामात जमा झाली, हेही मान्य करायला हवे.

केंब्रिजशायरमधल्या हिल्टनचा मेझ १६६० सालचा. राजा दुसरा चार्ल्स परागंदा अवस्थेतून इंग्लंडच्या गादीवर परतल्याच्या आनंदात विल्यम स्पॅरो या १९ वर्षांच्या तरुणाने तो कोरला. आज वाट जिथे संपायची तिथे त्याच्याच स्मरणार्थ उभारलेला दगडी खांब आहे.

बरेच मेझ नाहीसे झाले. नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटनचा १७९७ साली नांगराखाली गेला. नॉर्थँप्टनशायरमधल्या बॉटन ग्रीनचा पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सरावाच्या खंदकांनी संपवला. लिंकनशायरमधल्या अल्कबरोचा ‘जूलियन्स बाउअर’ शाबूत आहे, आणि त्याची प्रत १८८७ साली गावच्या चर्चच्या देवडीत फरशीवर उमटवलेली आहे. कोरणाऱ्याचे फावडे चुकलेच, तर वळण ताडून पाहायला तेवढे चालत गेले की झाले.