आंतरविद्याशाखीय पीएच.डी. संशोधन (नागपूर)

एकाच प्रश्नाच्या उकलीसाठी दोन किंवा अधिक ज्ञानशाखांच्या पद्धती गुंफून केलेल्या संशोधनास आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. निरनिराळ्या विषयांची प्रकरणे एका प्रबंधात बांधल्याने ते साधत नाही. एका शाखेचा निष्कर्ष दुसरीला आपला प्रश्न बदलायला लावतो, तेव्हाच ते त्या नावाला पात्र ठरते.

नागपुरी संत्र्यावरील डिंक्या रोग हे याचे जवळचे उदाहरण होय. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे बुंध्याची साल कुजून डिंक पाझरतो, हे वनस्पतिरोगशास्त्र सांगते; चिकण काळ्या जमिनीत पाणी साचून राहिल्याने त्याचे फावते, हे मृदाशास्त्र. खोडाला पाणी लागू नये म्हणून झाडाभोवती दुहेरी आळे करण्याची शिफारस आहे. ती ठाऊक असूनही बागाईतदार पाणी मोकळे का सोडतो, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. कृषिपंपाची वीज रात्री येत असेल, तर अंधारात एकेका आळ्याशी थांबून ओलीत करणे जिकिरीचे असते. येथे रोगाचा प्रश्न वीजपुरवठ्याचा आणि मजुरीचाही होतो.

नागपुरात अशा कामाला साधनांची वाण नाही. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचा परिसर, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो अमरावती मार्गावरच आहेत. पर्यावरण अभियांत्रिकीसाठी १९५८ पासूनची ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) हीही शहरातच आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये चार विद्याशाखांपैकी एकीचे नावच ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ असे आहे. त्यामुळे गैरसमज होतो. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण यांसारख्या विषयांची ती प्रशासकीय सोय असून, तिच्यात नोंदणी झाल्याने संशोधन आपोआप आंतरविद्याशाखीय ठरत नाही.

खरा आधार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत आहे. त्यांनुसार अशा विषयासाठी विभागाबाहेरचा, किंबहुना विद्यापीठाबाहेरचाही, सहमार्गदर्शक नेमता येतो. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कोर्सवर्क पूर्ण करावा लागतो, संशोधन सल्लागार समिती प्रगती पाहते आणि किमान कालावधी ३ वर्षांचा असतो. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. अडचण बहुधा येथेच उद्भवते : रोगशास्त्राच्या परीक्षकाला मुलाखतींचे प्रकरण सैल वाटू शकते, तर अर्थशास्त्राच्या परीक्षकाला प्रयोगांचे तक्ते परके. शिवाय अध्यापकपदांच्या जाहिराती विषयवार निघतात. त्यामुळे जाणते मार्गदर्शक प्रबंधाचे शीर्षक एखाद्या मूळ विषयाला धरूनच ठेवायला सांगतात.