४४.०१ : दगडात मुरणारा वायू

ओमानमधल्या एका कंपनीचं नाव आहे '४४.०१'. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला ज्यांनी रेणुभार काढले असतील, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. कार्बनचा अणुभार १२.०१, ऑक्सिजनचा १६. एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन मिळून ४४.०१, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार. ज्या वायूचा बंदोबस्त करायचा, त्याचंच वजन या मंडळींनी नाव म्हणून घेतलं. २०२२ साली बोस्टनमध्ये या कंपनीला हवामान विभागाचं अर्थशॉट पारितोषिक मिळालं.

अर्थशॉट हे नाव 'मूनशॉट'वरून आलं आहे. दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवू, असं केनेडी १९६१ साली म्हणाले आणि १९६९ मध्ये तो उतरला. तशीच दहा वर्षांची मुदत पृथ्वीसाठी घालून घ्यावी, या विचाराने ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांनी २०२० मध्ये हे पारितोषिक सुरू केलं. निसर्ग, हवा, समुद्र, कचरा आणि हवामान असे त्याचे पाच विभाग आहेत. २०२१ ते २०३० दरवर्षी पाच विजेते, प्रत्येकाला १० लाख पौंड.

मला या पारितोषिकाची वेळ महत्त्वाची वाटते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती चढेल, याचं गणित हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी सहकाऱ्यासोबत १९६७ मध्ये मांडलं. त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदीत. ज्ञानाच्या सन्मानाला असा उशीर चालतो, कारण तोवर ते ज्ञान जगाने वापरलेलं असतं. उपायाचं तसं नाही. तो प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला असतो, पण बँक कर्ज द्यायला तयार नसते आणि संशोधनाचं अनुदान संपत आलेलं असतं. पैसा आणि विश्वास त्याला तेव्हाच लागतो, म्हणजे तो पुरता सिद्ध होण्याआधी. २०२१ च्या विजेत्यांत भारतातली 'टाकाचार' ही कंपनी होती. शेतातला पालापाचोळा उघड्यावर जाळण्याऐवजी कमी ऑक्सिजनमध्ये भाजून त्याचं इंधन किंवा खत करणारं, शेतापर्यंत नेता येईल असं यंत्र तिने तयार केलं. तेही पारितोषिकाच्या वेळी बाल्यावस्थेतच होतं. असं पारितोषिक देणारा एक प्रकारे पैज लावत असतो, आणि ती लावली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण पैज कशावर लागली आहे, हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी ओमानच्या डोंगरांकडे वळू.

पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण असतं. तिथला मुख्य खडक पेरिडोटाइट. समुद्राच्या तळाशीही तो गाठायचा तर कित्येक किलोमीटर खोल जावं लागतं. ओमानमध्ये मात्र सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी भूपट्टांच्या रेटारेटीत समुद्रतळाचा एक प्रचंड तुकडा, खालच्या प्रावरणासकट, जमिनीवर ढकलला गेला. आज शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीपर्यंत त्याचा शेकडो किलोमीटरचा पट्टा उघडा पडलेला दिसतो.

खोलवर उष्णतेत आणि दाबात घडलेला हा खडक हवा-पाण्याच्या संगतीत स्थिर राहत नाही. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांमधून मुरतं. खडकातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यात उतरतं, कार्बनशी जोडलं जातं आणि कार्बोनेटच्या रूपात घट्ट बसतं. काळपट खडकातून पांढऱ्या शिरा धावताना दिसतात त्या याच. खोल जाऊन आलेलं पाणी काही ठिकाणी झऱ्यातून बाहेर पडतं. त्याच्यातला कार्बन वाटेतच संपलेला असतो, कॅल्शियम भरपूर असतं. असं पाणी डबक्यात साचलं की हवेतला वायू शोषू लागतं आणि त्यावर कॅल्साइटचा पातळ पांढरा पापुद्रा धरतो, तापल्या दुधावर साय यावी तसा. बोट लावलं तर मोडेल इतका नाजूक, पण तो पापुद्रा म्हणजे काही काळापूर्वीपर्यंत हवा होती.

या शिरा कोट्यवधी वर्षांच्या असतील असा समज होता. पीटर केलेमन आणि युर्ग मॅटर या भूशास्त्रज्ञांनी कार्बन-१४ पद्धतीने वय काढलं, तेव्हा ते सरासरी २६ हजार वर्षांच्या आसपास निघालं. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. भूशास्त्राच्या घड्याळात हे कालपरवाचंच, म्हणजे काम आजही चालू आहे! त्यांच्या अंदाजाने हा डोंगर वर्षाला १० हजार ते १ लाख टन कार्बन डायऑक्साइड दगडात बांधतो. ऐकायला मोठं वाटतं. पण जीवाश्म इंधनं आणि उद्योगांतून जगभर वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन बाहेर पडतो. त्या हिशेबाने डोंगराची वर्षभराची कमाई आपण फार तर दीड मिनिटात उडवतो.

मग डोंगराचा वेग वाढवता येईल का? '४४.०१'चं काम इथे सुरू होतं. पकडलेला वायू पाण्यात विरघळवायचा, विंधण घेऊन ते पाणी पेरिडोटाइटच्या भेगांमध्ये दाबाने सोडायचं आणि बाकीचं खडकावर सोपवायचं. यातली खरी युक्ती पाण्यात आहे. सुटा वायू वर यायला धडपडतो, त्याला कोंडायला वर अभेद्य थर लागतो. पाण्यात विरघळलेला वायू बुडबुडा होऊन वर येत नाही, आणि दगड झाल्यावर तर गळतीचा प्रश्नच मिटतो. जंगल वणव्यात जळतं आणि साठवलेला कार्बन परत देतं, ही भीती इथे नाही.

आइसलँडमध्ये 'कार्बफिक्स' प्रकल्पाने हेच बेसाल्ट खडकात आधी करून पाहिलं होतं. २०१२ मध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिज झाला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र एक टन वायू मुरवायला सुमारे २५ टन पाणी लागलं. वाळवंटी मुलखात एवढं गोडं पाणी आणणार कुठून? म्हणून संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरात '४४.०१'ने केलेल्या चाचणीत समुद्राचं पाणी वापरलं गेलं. तिथे शंभर दिवसांच्या आत १० टन कार्बन डायऑक्साइडचा दगड झाला.

१० टन म्हणजे साधारण ४,३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघणारा वायू. आणि या चाचणीतली भागीदार अबू धाबीची सरकारी तेल कंपनी होती. हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं, आणि व्हावंच. खडकाचा आधार दाखवून तेल उपसत राहणं सोयीचं ठरू शकतं. तेलाच्या विहिरी खोदण्याचं कसब, यंत्रं आणि पैसा त्यांच्याकडेच आहे हेही खरं. ते कसब उलट्या दिशेने वापरलं जात असेल तर मला हवंच आहे, पण जाळणं कमी करण्याच्या बदल्यात नको.

कंपनीने स्वतःपुढे ठेवलेलं लक्ष्य आहे २०४० पर्यंत १०० कोटी टन. फुजैराच्या १० टनांच्या ते दहा कोटी पट भरतं. आइसलँडच्या प्रमाणाने त्याला अडीच हजार कोटी टन पाणी लागेल.