'स्माइल'ला ३७ वर्षं का लागली

१९६६ च्या अखेरीला कॅपिटल रेकॉर्ड्सने 'स्माइल' या अल्बमची चार लाखांवर कव्हरं छापून ठेवली. त्यांत घालायची रेकॉर्ड मात्र आलीच नाही. ती यायला २००४ साल उजाडलं. कंपनी वेगळी, वादक वेगळे, आणि गाणारा ब्रायन विल्सन तोवर बासष्ट वर्षांचा झालेला.

एवढा उशीर का, तर अमली पदार्थ आणि ढासळलेलं मानसिक आरोग्य, असं उत्तर हमखास मिळतं. ते खोटं नाही. पण मला वाटतं, खरी गाठ त्याच्या कामाच्या पद्धतीतच पडली होती.

ब्रायन हा बीच बॉइज या अमेरिकन बँडचा संगीतकार. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि आवाज मात्र असा की तार सप्तकातही हळवाच राही. मे १९६६ मध्ये बँडचा 'पेट साउंड्स' हा अल्बम आला. त्याच वर्षी 'गुड व्हायब्रेशन्स' हे एकच गाणं तो कित्येक महिने, चार स्टुडिओंमध्ये, तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रित करत होता. कडवं एकीकडे, धृपद दुसरीकडे. मग ब्लेडने टेप कापायची आणि तुकडे चिकटवायचे. साडेतीन मिनिटांचं ते गाणं डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

आता 'स्माइल' हा अख्खा अल्बम असाच करायचा होता. शब्द व्हॅन डाइक पार्क्सचे. पण एका गाण्याचे तुकडे जुळवणं वेगळं आणि डझनभर गाण्यांचे वेगळं. एकच सुरावट दोन-तीन गाण्यांत डोकावायची. कुठला तुकडा कुठल्या गाण्याचा, तेच ठरेना. नवा क्रम ऐकून बघायचा तर पुन्हा टेप कापा, पुन्हा जोडा. 'हीरोज अँड व्हिलन्स' या गाण्याची तर रूपं संपता संपेनात.

त्यात बाकीचं सगळं एकदम अंगावर आलं. नोव्हेंबरात आगीवरच्या वाद्यरचनेसाठी त्याने वादकांना खेळण्यातली अग्निशमनाची हेल्मेटं घालायला लावली. पुढे स्टुडिओजवळच्या एका इमारतीला आग लागल्याचं कळलं, तेव्हा तो इतका घाबरला की ते संगीतच त्याने बाजूला ठेवलं. बँडमधलाच धाकटा भाऊ कार्लने सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला. रॉयल्टीवरून बँडने कॅपिटलवरच दावा लावला. बँडचा गायक माइक लव्हला पार्क्सच्या ओळींचा अर्थ लागेना. पार्क्स निघून गेला. मे १९६७ मध्ये अल्बम सोडून दिल्याचं जाहीर झालं. सप्टेंबरात आलेला 'स्माइली स्माइल' हा घाईत केलेला, साधासुधा पर्याय होता. मूळचे तुकडे पुढच्या अल्बमांमधून सुटे सुटे बाहेर पडत राहिले. 'सर्फ्स अप' हे गाणं १९७१ मध्ये आलं.

२००३ मध्ये डॅरियन सहनाजा या त्याच्या बँडमधल्या वादकाने सगळे तुकडे संगणकावर घेतले. आता क्रम बदलून लगेच ऐकता येत होतं. ब्रायनने पार्क्सला बोलावून घेतलं, उरलेले शब्द लिहून झाले, आणि २० फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 'स्माइल' पहिल्यांदा सलग वाजलं. अल्बम त्याच सप्टेंबरात निघाला.

२०११ मध्ये जुन्या टेपाही प्रसिद्ध झाल्या, त्या २००४ च्याच क्रमाने लावून. त्यांत चोवीस वर्षांचा ब्रायन पियानोवर एकटाच 'सर्फ्स अप' गातो. शेवटी आवाज वर चढत जातो, शब्द मागे पडतात. २००४ मध्ये ती उंची त्याच्या गळ्यात उरलेली नव्हती.