चेता-स्नायू संधी

प्रेरक (स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या) चेतापेशीच्या अक्षतंतूचे, म्हणजे लांब धाग्याचे, टोक आणि स्नायुतंतू जेथे समोरासमोर येतात ती जागा. चेतापेशीतून आलेला विद्युत् आवेग येथे थांबतो, रासायनिक द्रव्याच्या रूपाने मधली फट ओलांडतो आणि स्नायूत पुन्हा विद्युत् रूप घेतो. बेळगाव सीमाभागात या संधीची माहिती वैद्यांइतकीच शेतकऱ्यांनाही उपयोगी आहे. खानापूर तालुक्यातील भातशेती व रानालगतच्या वस्त्यांत आढळणारे मण्यार आणि नाग, निपाणी पट्ट्यातील तंबाखू आणि उसासह अनेक पिकांवर वापरली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके, या सर्वांची विषे याच संधीवर आघात करतात. मात्र प्रत्येकाची जागा वेगळी असते आणि उपचार त्या जागेवरून ठरतो.

रचना व कार्य : विश्रांतीत चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. पेशीच्या पटलातील पंप दर फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकून पोटॅशियमचे २ आत घेतो; त्यामुळे दोन्हींच्या प्रमाणातील तफावत टिकून राहते. आतबाहेरचा हा विद्युत् फरक (विभव) साधारण −५५ मिलिव्होल्टपर्यंत आले की सोडियमची द्वारे उघडतात आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा आवेग निर्माण होतो. आवेग टोकाशी पोहोचताच कॅल्शियम आत शिरते, टोकातील द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या (पुटिका) फुटतात आणि ॲसिटिलकोलीन बाहेर पडते. एका पुटिकेत त्याचे काही हजार रेणू असतात. सुमारे ५० नॅनोमीटरची फट ओलांडून ते स्नायूवरील ग्राहींना (द्रव्य पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात; एक ग्राही उघडण्यास सामान्यतः दोन रेणू लागतात. काम झाल्यावर कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्यांचे तत्काळ विघटन करते. गरजेपेक्षा बरेच जास्त द्रव्य सोडले जात असल्याने सुमारे तीन-चतुर्थांश ग्राही बंद पडेपर्यंत अशक्तपणा जाणवतही नाही. विषबाधेची लक्षणे उशिरा दिसतात, यामागे हेही एक कारण आहे.

रासायनिक संदेशाचा शोध : आवेग फट कसा ओलांडतो, यावर जवळजवळ पाऊण शतक वाद चालला. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ द्यू बॉय-रेमाँ यांनी १८७७ मध्ये रासायनिक आणि विद्युत् अशा दोन्ही शक्यता मांडल्या होत्या. त्याआधी, बहुधा १८५० च्या सुमारास, फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी क्युरारे या बाणांच्या टोकांना लावल्या जाणाऱ्या वनस्पतिज विषाने चेता व स्नायू यांमधील दुवा तुटतो हे दाखवले. चेता व स्नायू मात्र वेगवेगळे तपासल्यास कार्यक्षम राहत. हे विष चेताटोकावर चढते असे त्यावरून दीर्घकाळ मानले गेले. केंब्रिजच्या लँगली यांनी १९०५ मध्ये कोंबड्यांच्या स्नायूंवर तंबाखूतील निकोटीन वापरले. चेता कापून ती झिजू दिल्यावरही निकोटिनाने स्नायू आकसला आणि क्युरारेने तो परिणाम रोखला गेला. म्हणजे ‘ग्राही द्रव्य’ स्नायूवरच असले पाहिजे. ऑटो ल्यूवी यांचा रासायनिक संदेश दाखवणारा, बेडकाच्या हृदयांवरील १९२१ चा प्रयोग अधिक प्रसिद्ध आहे. परंतु तो हृदयावरचा होता आणि पुनरावृत्तीत तो अनेकांच्या हाती लागेना. तेव्हा स्नायूवरील ग्राहीच्या कल्पनेचे श्रेय लँगलींकडे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. ऐच्छिक स्नायूंत ॲसिटिलकोलीनच दूत असल्याचा पुरावा डेल, फेल्डबर्ग व व्होग्ट यांनी १९३६ मध्ये दिला. विद्युत् पक्षाचे खंदे समर्थक एकल्स यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी आपल्याच प्रयोगांनंतर मत बदलले. कॅट्झ व फॅट यांनी त्याच सुमारास द्रव्य ठरावीक पुड्यांत सुटते हे दाखवले.

सर्पविषे : नागाच्या विषातील चेताविष ग्राहींना चिकटून ॲसिटिलकोलीनची वाट अडवते. हा अडथळा परतवता येण्याजोगा असतो. प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीन हे कोलिनएस्टरेजला रोखणारे औषध दिल्यास द्रव्य फटीत अधिक काळ टिकते आणि ग्राहींवरील स्पर्धेत सरस ठरते. निओस्टिग्मीनपूर्वी ॲट्रोपीन (हृदय व ग्रंथींवरील ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारे औषध) देतात, अन्यथा हृदयगती मंदावून लाळ व कफ वाढतो. मण्यारीचे विष मुख्यतः चेताटोकावरच हल्ला करते. पुटिका रित्या होतात, टोक झिजते, मग फटीत टिकवण्यासारखे द्रव्यच उरत नाही. म्हणून येथे निओस्टिग्मीनचा उपयोग थोडा होतो आणि आधीच झालेली हानी प्रतिविषानेही मागे फिरत नाही. नवे टोक फुटेपर्यंत, कधी कित्येक दिवस, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. तोपर्यंत श्वास टिकला तर तो पूर्ण बरा होऊ शकतो.

मण्यार सहसा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. दंशाची जागा सुजत नाही, वेदनाही क्वचितच होते. पोटदुखी, पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे, मग श्वास थकणे असा क्रम बहुधा दिसतो. पहाटे पोटात दुखून पापण्या मिटू लागल्या तर चाव्याची खूण शोधत वेळ घालवू नये. पूर्ण पक्षाघात झालेल्या रुग्णाची बाहुली प्रकाशाला प्रतिसाद न देता विस्फारलेली राहू शकते, शरीर हलत नाही, तरी तो शुद्धीत असू शकतो. अशा वेळी त्याला मृत किंवा मेंदूमृत ठरवून कृत्रिम श्वास थांबवणे ही घातक चूक ठरते. दंशानंतर दोरी करकचून बांधणे, जखम कापणे, मांत्रिकाकडे थांबणे टाळावे. अवयव लाकडी पट्टीने स्थिर करून रुग्णाला कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा साधा पण खरा बचाव आहे.

कीटकनाशके व तंबाखू : सेंद्रिय फॉस्फरस संयुगे कोलिनएस्टरेजला निकामी करतात. मग ॲसिटिलकोलीन साचते, स्नायू फडफडतात व अखेर ढिले पडतात. ग्रंथींवरील परिणामाने घाम, लाळ, बारीक बाहुल्या दिसतात. ॲट्रोपीन लाळ, कफ व हृदयगती सावरते, पण स्नायूंवरील निकोटिनी (निकोटिनालाही प्रतिसाद देणाऱ्या) ग्राहींवर त्याचा परिणाम नाही. त्यामुळे बाहुल्या रुंदावून घाम आटला तरी धोका टळला असे समजू नये. १ ते ४ दिवसांनी मान उचलता न येणे, मग श्वासाचे स्नायू दुबळे होणे असा ‘मध्यंतरीचा’ पक्षाघात उद्भवू शकतो. म्हणून रुग्णाला मान उचलायला सांगून ती ताकद रोज तपासतात. फवारणीत विष मुख्यतः कातडीतून शिरते. भिजलेले कपडे उतरवून साबणाने अंग धुणे हा पहिला उपचार आहे.

दवाने ओल्या तंबाखूच्या पानांना हात लागला की निकोटीन कातडीतून शोषले जाते. मळमळ, चक्कर, डोकेदुखी, फिकटपणा ही लक्षणे होतात. शेंडे खुडताना व कापणीच्या वेळी ती अधिक संभवतात. निकोटिनाचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणून बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. दव ओसरल्यावर काम सुरू करणे, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा कोरडा सदरा वापरणे, हात साबणाने धुणे यांनी त्रास बराच कमी होतो.